लार्पच्या अंगरख्याची काख फाटायची, त्यावर केलेला उपाय

लार्प म्हणजे पात्राचा वेश करून प्रत्यक्ष खेळायचा भूमिकाखेळ. त्यातल्या योद्ध्याच्या पोशाखात फोमची तलवार डोक्यावर उगारता आलीच पाहिजे, बाकी नक्षी नंतर. माझ्या लिननच्या अंगरख्यात ते जमत नव्हतं. हात वर केला की सगळा घेर पट्ट्यातून वर ओढला जायचा आणि झटापटीत काखेची शिवण उसवायची.

पहिला विचार मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, खोल करण्याचा येतो. त्याने त्रास उलट वाढतो, कारण मुंढा जितका खाली, तितका हात उचलताना अख्खा कपडा वर येतो. कापड हवं असतं ते नेमकं काखेत. सरळ कापाच्या जुन्या अंगरख्यांत तिथे चौकोनी तुकडा जोडत. मीही तेच केलं.

काखेपासून खाली कुशीची आणि पुढे बाहीची शिवण १०-१० सेंटीमीटर उसवली. मग १२ सेंटीमीटरचा चौकोन उभ्या-आडव्या धाग्यात कापला. त्यातच चारही बाजूंना १ सेंटीमीटर शिवणीचा. एक टोक कुशीकडे, समोरचं बाहीकडे ठेवलं. त्यामुळे ताण कर्णावर, म्हणजे तिरक्या धाग्यावर येतो आणि कापड थोडं ताणलं जातं.

खरी कसोटी कोपऱ्यांची. प्रत्येक बाजू वेगळी शिवायची, कडेच्या १ सेंटीमीटर अलीकडे थांबून उलटी टीप मारायची. एका दमात चारही बाजू शिवल्या तर कोपऱ्यात चुण्या पडतातच. कोपऱ्यांना आतून पातळ कापडाचे ठिगळ लावले, कारण कापड तिथूनच फाटतं. शेवटी कच्च्या कडा दुमडून वरून टीप मारली.

आत जाड रुईदार चिलखत घालणार असाल, तर चौकोन मोठा घ्या.