कमी खर्चातील सायकॉलॉजिकल क्राइम थ्रिलर : या चुका टाळा

मोजक्या पैशांत सायकॉलॉजिकल क्राइम थ्रिलर करायचे ठरले की पहिली चूक बहुधा खर्चाच्या यादीतच होते. कॅमेरा आणि लेन्स यांच्या भाड्यावर मोठी रक्कम खर्ची पडते. पटकथेचे पुनर्लेखन, तालीम आणि ध्वनी यांच्या वाट्याला उरलेसुरले येते. वास्तविक अशा चित्रपटातील भीती चित्राच्या झळाळीतून निर्माण होत नाही. प्रेक्षकाला काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही आणि त्या क्षणी त्याच्या कानांवर काय पडत आहे, यांवर ती उभी असते.

पटकथेतील सर्वांत महागडी चूक म्हणजे सगळे काही शेवटच्या कलाटणीसाठी राखून ठेवणे. कच्चे संकलन पाहणारे ‘मध्यंतरानंतर रेंगाळते’ असे म्हणतात, दिग्दर्शक मधली दृश्ये कापत सुटतो आणि तरीही चित्रपट हलत नाही, कारण दोष लांबीत नसून माहितीच्या वाटपात असतो. यावर साधा उपाय असा, की प्रत्येक दृश्यासमोर दोन रकाने आखून एकात प्रेक्षकाला काय माहीत आहे आणि दुसऱ्यात पात्राला काय माहीत आहे, ते लिहावे. सलग तीन-चार दृश्यांत दोन्ही रकाने सारखेच भरले गेले, तर तेथे ताण सैल झाला आहे असे समजावे आणि एखादी गोष्ट प्रेक्षकाला पात्राच्या आधी कळू द्यावी. नायकाला होणारे भास दाखवायचे असतील, तर त्यांचे नियम लेखनाच्या टप्प्यावरच ठरवावेत. भासातील व्यक्तीशी अन्य कोणी बोलते का, तिने सरकवलेली खुर्ची पुढच्या दृश्यात जागेवर असते का, या प्रश्नांची उत्तरे नसतील तर दुसऱ्यांदा पाहणाऱ्याला आपली फसवणूक झाल्यासारखे वाटते.

याच संदर्भात एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. मानसिक आजार हे गुन्ह्याचे कारण म्हणून वापरू नये. असा आजार असलेली बहुसंख्य माणसे हिंसक नसतात, त्यामुळे ते चित्रण अन्यायकारक ठरते. शिवाय निदानाचे नाव उच्चारले की लेखक पात्राची लाज, हाव किंवा भीती शोधण्याचे कष्ट टाळतो आणि गुन्हेगार पोकळ राहतो.

ध्वनीकडे झालेले दुर्लक्ष मात्र नंतर कशानेच पूर्ण भरून निघत नाही. थरारपटात कलाकार कुजबुजतात, माइक लांब असतो आणि संकलनाच्या वेळी आवाज वाढवला की त्याच्याबरोबर पंख्याची घरघरही वाढते. कॅमेऱ्यावरच्या माइकवर विसंबून न राहता बूम (लांब दांडीवरचा माइक) चौकटीच्या कडेपर्यंत आणावा, जोडीला कपड्यांवर लावायचा लेपल माइक वापरावा आणि संवादातील सर्वांत मोठे आवाज रेकॉर्डरच्या मापकावर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहतील अशी पातळी ठेवावी, कारण फाटलेला आवाज दुरुस्त होणे फार कठीण असते. प्रत्येक लोकेशनवर सर्वांना स्तब्ध ठेवून 30 ते 60 सेकंदांचा रूम टोन, म्हणजे त्या जागेच्या शांततेचा आवाज, ध्वनिमुद्रित करून घ्यावा. तो नसल्यास दोन संवादांमधली शांतता खड्ड्यासारखी ऐकू येते. टेकमधले एखादे वाक्य अस्पष्ट वाटले, तर युनिट हलण्यापूर्वी त्याच जागी ते केवळ ध्वनीसाठी पुन्हा म्हणवून घ्यावे. भीतीच्या प्रसंगाला पार्श्वसंगीत देण्यापूर्वी तो प्रसंग संगीताविना पाहावा. तसा तो निष्प्रभ वाटत असेल, तर संकलनाकडे परत जावे.

अंधाराचे दृश्य अंधारातच टिपले तर सावल्यांमध्ये दाणेदार गोंधळ दिसतो. चेहऱ्याच्या एका बाजूने पुरेसा प्रकाश देऊन चित्रीकरण करावे आणि काळोख कलर ग्रेडिंगमध्ये, म्हणजे चित्रीकरणानंतर रंग आणि उजेड जुळवताना, गडद करावा. चौकटीत एखादा पेटता दिवा ठेवल्यास उरलेला भाग आपोआप अधिक काळा भासतो. चित्र लुकलुकत असेल, तर 50 हर्ट्‌झ वीजपुरवठ्यात कॅमेऱ्याच्या शटरचा वेग 1/50 सेकंद आणि 60 हर्ट्‌झमध्ये 1/60 सेकंद ठेवून पाहावा. स्वस्त एलईडी दिवे मंद केल्यावरही लुकलुकतात, म्हणून त्यांची चाचणी आधीच घ्यावी.

ख्रिस्तोफर नोलन यांचा ‘फॉलोइंग’ (1998) हा चित्रपट सुमारे 6,000 डॉलरमध्ये, कलाकारांच्या सुटीच्या दिवशी थोडा थोडा करत 16 मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाला. फिल्म वाचवण्यासाठी भरपूर तालीम करून एक-दोन टेकमध्येच शॉट उरकले जात. नवे दिग्दर्शक त्यातील काळाची उलटसुलट मांडणी उचलतात आणि तालीम विसरतात, ही मला खरी गफलत वाटते. चित्रीकरण असे महिनोन्महिने लांबणार असेल, तर केस, दाढी आणि जखमांची छायाचित्रे प्रत्येक दिवसाच्या शेवटी काढून ठेवावीत.

नकली शस्त्र उघड्यावर वापरायचे असल्यास पोलिसांना आणि शेजाऱ्यांना आधी कळवावे. खरी काडतुसे सेटवर मुळीच आणू नयेत. कलाकार, सहलेखक, जागामालक आणि संगीतकार यांच्या लेखी संमती चित्रीकरणापूर्वी घ्याव्यात, कारण केवळ महोत्सवापुरते हक्क घेतलेले एक गाणेही पुढचे वितरण अडवू शकते. फुटेजच्या तीन प्रती कराव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी ठेवावी.

शेवटचा कट कायम करण्यापूर्वी तो अनोळखी प्रेक्षकांना दाखवावा. ‘आवडला का’ हे विचारून हाती काही लागत नाही. कोणाचा संशय नेमका कोणत्या दृश्यात आला आणि तो कोठे मावळला, हे प्रत्येकाकडून वेगवेगळे लिहून घ्यावे आणि ती उत्तरे पटकथेच्या दोन रकान्यांशी ताडून पाहावीत.