गावच्या रस्त्यावरची डंपर-ट्रकची वर्दळ आवरायची कशी

खडी क्रशर, मुरमाची खाण, साखर कारखाना, नाहीतर जवळपास सुरू असलेलं एखाद्या मोठ्या रोडचं काम, यातलं काहीही गावाच्या आसपास असेल तर हायवा आणि डंपर गावातून जाणार हे ठरलेलंच. मग रस्ता उखडतो, धूळ घरात येते, सायकलवरून शाळेला जाणारी पोरं प्रत्येक गाडीला कडेला उतरून उभी राहतात आणि शेवटी गाव वैतागून रास्ता रोको करतं. चार तास गाड्या थांबतात, पोलीस येतात, कुणीतरी साहेब आश्वासन देतात आणि दोन दिवसांनी परत तेच चालू. मला एकच गोष्ट मनापासून सांगायचीय, की "जड वाहनं बंद करा" एवढंच लिहिलेला अर्ज फायलीत पडून राहतो, पण रस्त्याच्या या तुकड्यावर, या वेळेत, एवढ्या वजनाच्या वरची गाडी नको असं नेमकं मागितलं आणि सोबत स्वतः मोजलेले आकडे जोडले, की साहेबाला ते बाजूला सारणं अवघड जातं.

आधी रस्ता कुणाचा ते बघा. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग पीडब्ल्यूडीकडे असतात, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग झेडपीच्या बांधकाम विभागाकडे. प्रत्येक रस्त्याला नंबर असतो, तो उपअभियंत्याच्या ऑफिसात मिळतो आणि अर्जात तो पहिल्याच ओळीत टाका, कारण "आमच्या गावचा रस्ता" असं लिहिलेला अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. रस्ता पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला असेल तर कडेला माहितीचा बोर्ड असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. या योजनेत पहिली ५ वर्षं देखभाल रस्ता बांधणाऱ्या ठेकेदाराकडेच असते, आणि खड्डे पडले की तो पहिलं हेच म्हणणार की ओव्हरलोड गाड्यांनी रस्ता फोडला. म्हणजे त्या गाड्यांची नोंद तुमच्याकडे असणं दोन्ही बाजूंनी कामाचं आहे.

रस्ता का फुटतो हे थोडं समजून घ्या, मीटिंगमध्ये बोलताना उपयोगी पडतं. ग्रामीण रस्त्याची डांबरी पट्टी साधारण ३.७५ मीटर रुंद असते, वर्दळ अगदी कमी असेल तिथं ३ मीटरच. ट्रकची रुंदी नियमाप्रमाणे २.६ मीटरपर्यंत असू शकते. दोन समोरासमोर आले की ५.२ मीटर झाले, म्हणजे दोघांचं किंवा निदान एकाचं तरी चाक साइडपट्टीवर उतरणारच. साइडपट्टी दबली की डांबराची कड उघडी पडते, मग कड तुटत तुटत आत सरकते. खाणीच्या रस्त्यावर जाऊन नीट बघा, भरलेल्या गाड्या ज्या बाजूनं जातात ती बाजू जास्त फुटलेली आणि रिकाम्या परतीच्या गाड्यांची बाजू बऱ्यापैकी शाबूत दिसते. हा एक फोटो दहा पानांच्या निवेदनापेक्षा जास्त बोलतो, दोन्ही बाजू एकाच फोटोत येतील असा काढा.

वजनाचं गणित तर अजून भारी आहे. अमेरिकेत १९५८ ते १९६० दरम्यान मुद्दाम रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवून एक मोठी चाचणी झाली होती, त्यातून निघालेला ठोकताळा इंजिनिअर लोक आजही धरतात, की एक्सलवरचा भार वाढला तर रस्त्याचं नुकसान साधारण त्याच्या चौथ्या घातानं वाढतं. म्हणजे भार दीडपट झाला तर नुकसान ५ पट, दुप्पट झाला तर १६ पट. म्हणून गाड्यांच्या संख्येपेक्षा ओव्हरलोडचा प्रश्न मोठा आहे हे गावात सगळ्यांना समजावून सांगा. चाळीस गाड्या नियमात भरून गेल्या तर रस्ता तग धरेल, वीसच गेल्या पण दुप्पट भरून गेल्या तर एका पावसाळ्यात काम तमाम, त्यात खाली काळी माती असेल आणि पाणी निघायला गटार नसेल तर विचारूच नका.

आता मोजणी. दोन-तीन जण मिळून सलग तीन दिवस तरी बसा, त्यात एक बाजाराचा दिवस येऊ द्या. वहीत वेळ, गाडी कुठल्या प्रकारची (सहाचाकी, दहाचाकी, ट्रेलर, ट्रॅक्टर-ट्रॉली), भरलेली की रिकामी, कुठल्या दिशेनं, ताडपत्री होती की नाही, एवढंच लिहा. शाळा भरायची आणि सुटायची वेळ वेगळी काढा. रात्रीच्या गाड्या विसरू नका, बऱ्याच ठिकाणी खरी वर्दळ रात्री ११ नंतर सुरू होते. फोटो काढताना नंबर प्लेट, तारीख-वेळ आणि मागं ओळखू येईल अशी एखादी जागा यावी, पण त्यासाठी कुणी रस्त्यात उभं राहायचं नाही आणि गाडी हातानं अडवायची नाही, भरलेला हायवा लगेच थांबत नाही.

ओव्हरलोड आहे का हे वजनकाट्याशिवायही बऱ्यापैकी कळतं. दहाचाकी गाडीला मालासकट एकूण २८.५ टनांची मर्यादा आहे. रिकामी गाडीच साधारण १० ते १२ टनांची असते, म्हणजे माल राहिला १६ ते १८ टन. खडीचा एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट, साधारण ४ ते ४.५ टन भरतो. म्हणजे चार ब्रासच्या आसपास गाडी फुल्ल झाली. आता फाळक्याला वरून अजून पत्रे वेल्ड करून उंची वाढवलेली दिसली आणि त्याच्याही वर ढीग असेल तर आत काय आहे ते सांगायला नको. फाळक्याची लांबी, रुंदी, उंची फुटात अंदाजे धरून गुणाकार करा आणि १०० नं भागा, ब्रास निघतात. हा अंदाजच आहे, तक्रारीत "अंदाजे" असंच लिहा, पण वाहतूक पासवर, म्हणजे माल नेण्याच्या सरकारी परवान्यावर, तीन ब्रास आणि फाळक्यात सहा असला फरक दिसला तर तो तहसीलदारांच्या कामाचा विषय होतो.

म्हणजे तक्रारीच्या वाटा दोन आहेत आणि त्या एकत्र मिसळू नका. वजनाची तक्रार आरटीओकडे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढं सोडायची नाही असंही आहे. थांबून वजन करून द्यायला नकार दिला तर ४०,००० रुपये. कलम ११४ प्रमाणे अधिकृत अधिकारी गाडीला काट्यावर न्यायला सांगू शकतो, पण तो काटा गाडीच्या पुढच्या मार्गापासून १० किलोमीटरच्या आत किंवा जिथं माल उतरायचा तिथून २० किलोमीटरच्या आत असायला लागतो. म्हणून अर्जातच लिहून द्या की जवळचा काटा अमुक ठिकाणी आहे, इतक्या अंतरावर आहे. दुसरी वाट गौण खनिजाची (खडी, मुरूम वगैरे), म्हणजे विनापास किंवा पासपेक्षा जास्त माल. ती तहसीलदारांकडे, जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली, त्यात बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि गाडी जप्त करायची तरतूद आहे. आरटीओला पासचं सांगत बसलात आणि तहसीलदारांना वजनाचं, तर दोघंही "आमचा विषय नाही" म्हणून मोकळे.

मग मूळ मुद्दा, रस्त्यावर निर्बंध. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ११५ नीट वाचा. सार्वजनिक सुरक्षितता, सोय, किंवा रस्त्याचं-पुलाचं स्वरूप बघून ठरावीक रस्त्यावर ठरावीक प्रकारच्या गाड्यांना बंदी किंवा निर्बंध घालता येतो असं त्यात आहे. जिल्ह्यात असे आदेश साधारण जिल्हाधिकारी काढतात. यातली एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात प्रसिद्ध करायची गरज नाही, स्थानिक पातळीवर प्रसिद्धी दिली की पुरतं. म्हणून सुरुवातीला महिन्याभराचाच मागा, पावसाळ्यातला सगळ्यात ओला महिना किंवा मोरी खचलीय तोपर्यंत. छोटा आदेश लवकर निघतो आणि त्या महिन्यात काय फरक पडला हे परत मोजून दाखवलं की कायमच्या आदेशाचं काम सोपं होतं.

अर्जाला काय काय जोडायचं, तर ग्रामसभेचा ठराव, मोजणीचा तक्ता, फोटो, आणि एक साधा हातानं काढलेला नकाशा ज्यात शाळा, दवाखाना, अरुंद मोरी, आंधळं वळण आणि पर्यायी रस्ता दाखवलाय. पर्यायी रस्ता नसेल तर तेही लिहा, लपवू नका, मग बंदीऐवजी वेळेचा निर्बंध मागा. ठरावात सूट कुणाला हे स्पष्ट पाहिजे, एसटी, अॅम्ब्युलन्स, अग्निशमन, गावात खत-सिमेंट-गॅस आणणाऱ्या गाड्या, हार्वेस्टर. नाहीतर आदेश निघतो आणि पहिला गावातलाच माणूस अडकतो, मग गावच त्याच्या विरोधात जातं. आणि शेजारच्या गावाशी आधी बोला, तुमच्याकडच्या गाड्या त्यांच्या दारातून जाणार असतील तर दोन्ही ग्रामपंचायतींनी मिळून एक मार्ग सुचवलेला बरा.

आदेश निघाला की बोर्ड कुठं लागतोय त्यावर स्वतः लक्ष ठेवा. बोर्ड गावाच्या वेशीवर लावला तर काही उपयोग नाही, कारण तिथपर्यंत आलेली दहाचाकी गाडी पावणेचार मीटरच्या रस्त्यात वळणार कशी, ती पुढंच जाणार. बोर्ड मेन रोडच्या फाट्यावर पाहिजे, ड्रायव्हरला न वळता सरळ जाता येईल अशा जागी, आणि त्याच्या थोडं अलीकडं आणखी एक सूचनेचा. बाहेरच्या जिल्ह्यातले ड्रायव्हर मोबाईलवरच्या मॅपवर चालतात, तो मॅप कारला चालेल असा शॉर्टकट दाखवतो, त्यांच्यासाठी तर फाट्यावरचा बोर्डच सगळं काही आहे.

कागदावरचं चालू असताना क्रशरवाल्याशी किंवा ठेकेदाराशी बसून बोलणंही चालू ठेवा, माझ्या मते अर्धा प्रश्न इथंच सुटतो. ड्रायव्हरला वाईट ठरवून काही होत नाही, त्याला बहुतेक ठिकाणी खेपेवर पैसे मिळतात, जितक्या खेपा तितकी कमाई, मग तो पळवणारच. म्हणून मालकाकडं मागणी करायची ती दिवसाच्या खेपांवर मर्यादा घालायची, शाळेच्या वेळेत अर्धा-पाऊण तास गाड्या खाणीतच थांबवायची, ताडपत्रीची, रस्त्यावर पाणी मारायची, आणि शक्य असेल तर भरलेल्या गाड्या एका रस्त्यानं आणि रिकाम्या दुसऱ्या रस्त्यानं न्यायची. दोन गाड्या समोरासमोर आल्या की पास व्हायला जागा हवी, तर समोरचं दूरवर दिसेल अशा ठिकाणी रस्त्याच्या मालकाच्या परवानगीनं मुरूम टाकून साइडपट्टी रुंद करून घ्या, ट्रेलर किंवा डबल ट्रॉली आख्खी बसेल एवढी लांब. गाडीवर मोठ्या अक्षरात क्रमांक आणि तक्रारीसाठी एका जबाबदार माणसाचा फोन, एवढं झालं तरी वेग कमी होतो. जे ठरेल ते लेखी घ्या. खाणीच्या पर्यावरण परवानगीत वाहतुकीच्या अटी असतात, त्याची प्रत माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि ती हातात असली की बोलणी वेगळ्या पातळीवर जातात.

उसाच्या हंगामाचं थोडं वेगळं, तिथं माल आपल्याच शेतातला असतो, बंदी कोण मागणार. तिथं जीव जातात ते अंधारात, दिवे नसलेल्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळून. गाळप सुरू व्हायच्या आधी कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याला भेटा, प्रत्येक ट्रॉलीला मागं आणि बाजूनं रिफ्लेक्टर लावल्याशिवाय तोडीची चिठ्ठी द्यायची नाही एवढं ठरवून घ्या. बंद पडलेली ट्रॉली रस्त्यात दगड लावून सोडून जायची सवय तर आधी मोडली पाहिजे, निघताना दगडसुद्धा तिथंच राहतात. बाहेर आलेल्या उसाच्या मोळ्या कापून घ्या.

दोन गोष्टी मात्र गावानं स्वतःहून करू नयेत. एक, मनानं टाकलेले स्पीडब्रेकर. नियमातला गोलसर ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, गावात टाकतात तो फूटभर रुंदीचा उंचवटा असतो, त्यावर डंपर आदळतो, खडी सांडते, शेजारची भिंत हादरते, आणि रात्री मोटारसायकलवाला पडतो तो वेगळाच. दोन, लोखंडी आडवा बार. एसटी आणि अग्निशमनची गाडी खालून जाते का हे मोजल्याशिवाय आणि रस्त्याच्या मालकाची लेखी परवानगी असल्याशिवाय तो लावलात, तर अपघात झाल्यावर जबाबदारी लावणाऱ्यावर येईल.

एवढं करूनही हलत नसेल तर जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे विषय द्या. तिथं जिल्हाधिकारी, पोलीस, आरटीओ आणि बांधकाम विभाग एकाच टेबलावर असतात, त्यामुळे एकमेकांकडं बोट दाखवता येत नाही. आणि आदेशाची मुदत कधी संपतेय ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून ठेवा. संपायच्या महिनाभर आधी परत तीन दिवसांची मोजणी लावायची आणि जुन्या तक्त्याशेजारी नवीन तक्ता ठेवून मुदतवाढीचा अर्ज द्यायचा.