विज्ञान-गणिताच्या वर्गात अधिक मुले यावीत म्हणून शाळेने काय करावे

अकरावीला विज्ञान शाखेत गणित घेणाऱ्यांच्या यादीत ठाणे-नवी मुंबईतल्या दिघा, तुर्भे, कळवा, मुंब्रा येथील वस्त्यांतली मुले कमी दिसत असतील, तर दहावीच्या निकालाकडे बोट दाखवण्यापूर्वी शाळेने आठवीकडे पाहावे. कोणाला अवघड गणित द्यायचे आणि कोणाला पास होण्यापुरते शिकवायचे, हे बहुधा तिथेच ठरून गेलेले असते.

म्हणून पहिले काम यादीचे. जादा गणिताचा वर्ग सुरू करताना ‘कोणाला यायचे आहे?’ असे विचारू नये, कारण हात तीच मुले वर करतात ज्यांच्या घरी या वाटेची माहिती आधीच असते. त्याऐवजी सातवीत बऱ्यापैकी गुण मिळवलेल्या प्रत्येकाचे नाव थेट घालावे आणि नको असल्यास पालकांनी येऊन तसे सांगावे. नंतर मुली किती, उर्दू-हिंदी माध्यमातली मुले किती, दिव्यांग किती, हे मोजावे आणि जो गट गळाला असेल त्यातल्या मुलांशी एकेकटे बोलावे. नकाराचे कारण पुष्कळदा गणिताशी संबंधितच नसते: दुपारच्या अधिवेशनानंतर धाकट्या भावाला घरी न्यायचे असते, किंवा अंधार पडल्यावर मुलीने एकटीने रिक्षाने यावे हे घरी चालत नाही. हे कळले तरच वर्गाची वेळ बदलता येते.

भाषेचा अडसर याहून मोठा आहे. समरूप त्रिकोणांच्या कसोट्या तोंडपाठ असलेली मराठी माध्यमाची मुलगी अकरावीत ‘सिमिलर ट्रँगल्स’ ऐकून गप्प बसते आणि तिचा पाया कच्चा असल्याचा समज होतो. आठवीपासूनच फळ्यावर दोन्ही संज्ञा शेजारी-शेजारी लिहाव्यात. रीत मुलांनी मराठीत समजावून सांगावी आणि वहीत इंग्रजीत उतरवावी.

खर्चासाठी मुलांना एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेला आठवीतच बसवावे. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ३.५ लाख रुपयांपर्यंत असलेल्या, शासकीय, महापालिका वा अनुदानित शाळेतील निवडलेल्या मुलांना नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. उत्पन्नाच्या दाखल्याची तयारी जूनमध्येच सुरू करावी.

अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन वा आकडेमोडीतली विशेष अडचण) असलेल्या मुलाला सोपा विषय सुचवण्याची घाई मात्र अजिबात करू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता समाविष्ट आहे; जादा वेळ आणि लेखनिक मिळाल्यावर तो काय करू शकतो, हे आधी पाहावे.

प्रवेशानंतरचे पहिले तीन महिने सर्वांत नाजूक. पहिल्या घटक चाचणीत कमी गुण पडले म्हणून शाखा बदलण्याचा अर्ज आला, तर सही करण्यापूर्वी विषय शिक्षकांनी त्या मुलासोबत बसून उत्तरपत्रिका ओळीओळीने पाहावी आणि चूक गणिताची होती की प्रश्न न समजल्याची, हे अर्जावरच लिहावे.