उन्हाळी बासरी शिबिराची तयारी: अर्ज करण्यापासून समारोपाच्या वादनापर्यंत

विद्यापीठांच्या संगीत विभागांत सरावाच्या खोल्या, सभागृह आणि अध्यापक हे तिन्ही एकाच वेळी मोकळे मिळण्याचा काळ म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी, आणि म्हणूनच बासरीची शिबिरे बहुधा याच दिवसांत भरतात. काही दिवसांच्या या मेळाव्यात शाळकरी मुलांपासून नोकरीतून निवृत्त झालेल्या हौशी वादकांपर्यंत सगळे एका छताखाली येतात. सकाळी सामूहिक स्वरसाधना, दुपारी मास्टरक्लास (म्हणजे मंचावर एकेकाला सगळ्यांसमोर दिलेला धडा), संध्याकाळी बासरीवृंदाची तालीम आणि शेवटच्या दिवशी जाहीर वादन असा साधारण क्रम असतो. येथे बासरी म्हणजे थेओबाल्ड बोम या जर्मन वादक-कारागिराने १८४७ साली जिला आजचे रूप दिले ती कळांची, दंडगोलाकार नळीची आडवी बासरी. बांबूची बासरी वाजवणाऱ्यांना पुढील मजकुरातला फुंकेचा आणि ऐकण्याचा भाग लागू पडेल, कळांचा अर्थातच नाही.

अर्ज भरताना बहुतेक जण पहिली चूक करतात ती रचना निवडताना. आपल्याला येणारी सर्वांत अवघड रचना पाठवावी, असा मोह होतो. पण ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्या अध्यापकाला तुमची बोटे किती वेगाने धावतात यापेक्षा तुमचा सूर कसा लागतो आणि वाक्य कुठे संपते हे तुम्हाला कळते का, हे पाहायचे असते. म्हणून सध्याच्या कुवतीपेक्षा एक पायरी खालची रचना निवडावी आणि ती पूर्ण तयार करावी. फ्रेंच संगीतकार गाब्रिएल फोरे यांनी पॅरिसच्या संगीत विद्यालयातील स्पर्धेसाठी १८९८ साली लिहिलेली ‘फँतेझी’ शिबिरांत वारंवार ऐकू येते, आणि त्याचे कारण सोपे आहे: संथ सुरुवातीत स्वराचा कस लागतो, पुढच्या जलद भागात बोटे आणि जीभ उघडी पडतात, आणि सगळे काही मिनिटांत आटोपते. मुळात परीक्षेसाठी लिहिलेली रचना परीक्षकाला हवे ते सगळे दाखवते. आपली तयारी तेवढी नसेल, तर एखाद्या सोनाटाचा (अनेक भागांच्या रचनेचा) केवळ संथ भाग पाठवण्यात काहीही कमीपणा नाही.

निवड झाल्यावर महिनाभर आधी पेन्सिल घेऊन श्वासाच्या जागा ठरवाव्यात. हे काम किती गंभीर आहे, ते जर्मन संगीतकार बाखच्या ए मायनरमधील एकल पार्टिटाच्या (नृत्यांच्या चालींवरच्या भागांची रचना) पहिल्या भागात समजते. तेथे सोळांश (अगदी छोट्या, जलद) स्वरांची साखळी जवळजवळ अखंड चालते आणि श्वासासाठी विराम म्हणून लिहिलेला नाही. वादकाला तो चोरावा लागतो, आणि कुठे चोरायचा हे स्वरवाक्याची रचना समजल्याशिवाय कळत नाही. एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत गेल्यावर, किंवा खालचा आधारस्वर वाजून वरची ओळ पुन्हा सुरू होण्यापूर्वी घेतलेला श्वास ऐकणाऱ्याला खटकत नाही. दम संपला म्हणून मध्येच घेतलेला श्वास मात्र वाक्य मोडतो. प्रत्येक मोठ्या श्वासाच्या अलीकडे एक लहान, राखीव श्वास कंसात लिहून ठेवावा, कारण सभागृहात छातीची धडधड वाढते आणि घरी पुरणारा दम तेथे हमखास कमी पडतो.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात सांगायचे, तर तीन प्रती हव्यात: एक आपली, एक शिकवणाऱ्या गुरूंची आणि एक पियानोच्या साथीची. तिन्हींत बारचे (म्हणजे लिखित संगीतातल्या उभ्या रेघांमधल्या घरांचे) क्रमांक सारखेच असावेत. मी पहिल्या शिबिराला गेलो तेव्हा बासरीची प्रत एका आवृत्तीची आणि पियानोची दुसऱ्या आवृत्तीची घेऊन गेलो होतो. दोन्हींत तालमीची अक्षरे (जागा सापडावी म्हणून छापलेल्या ए, बी अशा खुणा) वेगवेगळ्या ठिकाणी छापलेली होती, आणि साथीच्या तालमीसाठी मिळालेल्या वीस मिनिटांतली आठ आम्ही ‘तुमचा बी कुठे, माझा बी कुठे’ हे शोधण्यात घालवली. साथीदाराला पहिल्या भेटीत लय शब्दांनी सांगण्यापेक्षा दोन बार गुणगुणून दाखवावी. लय कुठे सैल सोडणार आणि श्वासासाठी कुठे थांबणार, एवढ्या दोनच गोष्टी त्याला नक्की सांगाव्यात. उरलेले तो कानाने पकडतो.

वाद्याची तपासणी निघण्याच्या आदल्या रात्री करू नये. दोन आठवडे आधी केली, तर दुरुस्तीला वेळ मिळतो. सफाईच्या सळईच्या टोकाला एक आडवी खूण असते; सळई हेडजॉइंटमध्ये, म्हणजे फुंकण्याचे छिद्र असलेल्या वरच्या तुकड्यात, टोकाच्या बुचापर्यंत सरकवल्यावर ती खूण फुंकण्याच्या छिद्राच्या बरोबर मध्यभागी दिसली पाहिजे. हे अंतर साधारण १७ मिलिमीटर असते. बूच सरकलेले असेल, तर सप्तकांचे आपापसांतले नाते बिघडते, आणि मग वादक आपल्या ओठांना दोष देत बसतो. त्यानंतर पॅड, म्हणजे कळांखालच्या छिद्रे झाकणाऱ्या मऊ गाद्या, पाहाव्यात. पातळ कागदाची अरुंद पट्टी पॅडखाली ठेवून कळ अगदी हलक्या हाताने मिटावी आणि पट्टी हळूच ओढावी. घेराच्या एखाद्या बाजूला ती अडखळल्याशिवाय निसटली, तर तेथून हवा गळते आहे. ही दुरुस्ती जाणकार कारागिरानेच करावी. दमट हवेत पॅड चिकटून ‘टक्’ असा आवाज येऊ लागतो. त्यावर उपाय म्हणजे टिपकागदाचा तुकडा पॅडखाली धरून कळ दोन-तीनदा अलगद दाबणे. कळ दाबलेली असताना कागद खसकन ओढला, तर पॅडवरचे नाजूक आवरण फाटते. गोड पेय पिऊन लगेच वाजवायला बसणे हे या चिकटपणाचे मोठे कारण असते. आधी पाण्याने चूळ भरावी.

आता मास्टरक्लासकडे वळू, कारण लोक शिबिराला येतात ते मुख्यतः त्यासाठी, आणि बहुतेक जण त्याचा अर्धाच लाभ घेऊन परततात. मंचावर तुम्हाला वीस-तीस मिनिटे मिळतात. रचना संपूर्ण वाजवू देतीलच असे नाही. पहिल्या स्वरालाच थांबवले, तर तो अपमान समजू नये, कारण पुढच्या पन्नास स्वरांचा दोष पुष्कळदा त्या एका स्वराच्या आरंभात दडलेला असतो. गुरूंनी काही सुचवल्यावर ‘घरी चांगले वाजत होते’ असे स्पष्टीकरण देऊ नये आणि नुसती मानही हलवू नये. सुचवलेले तिथल्या तिथे वाजवून पाहावे, आणि जमले नाही तर ‘पुन्हा एकदा करतो’ एवढेच म्हणावे. सूचना आपल्या नेहमीच्या शिक्षकांच्या सांगण्याच्या उलट असेल, तरी त्या अर्ध्या तासापुरती ती मनापासून स्वीकारावी; तुलना नंतर करता येते.

खरी कमाई मात्र प्रेक्षकांच्या खुर्चीत होते, असे माझे ठाम मत आहे. मंचावर तुम्ही एकदा जाता, आणि खुर्चीत दहा-बारा जणांचे धडे तुमच्यासमोर होतात. अट एवढीच की समोर त्या रचनेची प्रत उघडी असावी आणि वहीत गुरूंची वाक्ये उतरवण्याऐवजी झालेला बदल टिपावा. एक उदाहरण देतो. एका मुलीचा खालच्या सप्तकातला स्वर कोंडल्यासारखा येत होता. गुरूंनी तिला बासरी खाली ठेवून तीच ओळ गायला लावली, मग फुंकता फुंकता तीच ओळ कंठातून गुणगुणायला सांगितली, आणि शेवटी गुणगुणणे थांबवून नुसती वाजवायला सांगितली. तिसऱ्या वेळी स्वर मोठा झाला नव्हता, पण तो सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत पोहोचला. माझ्या शेजारच्या वादकाने वहीत ‘गळा मोकळा ठेवा’ असे लिहिले. मी लिहिले ते असे: ‘आधी गा, मग गात फुंक, मग फुंक, तिसऱ्या वेळी तिची हनुवटी खाली आली.’ सहा महिन्यांनंतर वही उघडल्यावर उपयोगी पडली ती हनुवटी.

बासरीवृंदाची तालीम हा शिबिराचा दुसरा गाभा. यात नेहमीच्या बासऱ्यांबरोबर एक सप्तक वर वाजणारी पिकोलो, चार स्वर खाली वाजणारी जी पट्टीतली आल्टो आणि एक सप्तक खाली वाजणारी बास बासरी असते. वीस बासऱ्या एकत्र सुरात आणणे हे वीस व्हायोलिनांपेक्षा अवघड वाटते, कारण बासरीच्या स्वरात वरचे उपस्वर तुलनेने कमी असतात आणि जरा फरक पडला तरी तो उघडा पडतो. त्यात वाद्याचा स्वभाव असा की जोरात फुंकले की सूर चढतो आणि हळू फुंकले की उतरतो. शिवाय मधला सी शार्प जवळजवळ सगळी बोटे उचललेली असताना वाजतो, त्यामुळे तो हलका आणि चढा लागतो; हा स्वर आला की ओठ सावध हवेत.

सूर मिळवताना ट्यूनरच्या (सूर मोजणाऱ्या यंत्राच्या) सुईकडे डोळे लावून बसण्याची सवय शिबिरात सोडून द्यावी. शेजाऱ्याबरोबर एकच ए लांब धरावा आणि ठोके ऐकावेत: त्याचा स्वर ४४० कंपनांचा आणि तुमचा ४४२ चा असेल, तर सेकंदाला दोन वेळा आवाज फुगतो आणि विरतो. फरक कमी होऊ लागला की हे फुगणे संथ होते, आणि दोन्ही स्वर एक झाले की थांबते. हा थांबण्याचा क्षण एकदा कानाला कळला की सुईची गरज उरत नाही. ठोके वाढले तर आपण उलट्या दिशेने गेलो, एवढे समजून हेडजॉइंट किंचित आत-बाहेर करावा. स्वरसंघात, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांत, तुमच्याकडे शुद्ध गंधाराची जागा आली, तर तो सुईच्या मध्यावर लावू नये. समान अंतराच्या पट्टीतला गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार ज्याने ऐकला आहे, त्याला हे सांगावे लागत नाही. तेवढा खाली आणला की अख्खा स्वरसंघ एकदम शांत होतो, आणि तालीम घेणारे बहुधा तेथेच हसतात.

उन्हाळ्याचा प्रश्न येथेच येतो. तापमान एका अंशाने वाढले की हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो आणि वाद्याचा सूर चढतो. संपूर्ण नळीतली हवा दहा अंशांनी तापली, तर हा फरक ३० सेंटच्या आसपास जातो; वादकाचा श्वास मुळातच गरम असल्यामुळे प्रत्यक्षात तो कमी पडतो, तरी कानाला खटकण्याइतका उरतोच. म्हणून बाहेरच्या उकाड्यातून वातानुकूलित सभागृहात शिरल्यावर लगेच सूर मिळवण्यात अर्थ नसतो. वाद्य पेटीतून काढून पाच मिनिटे हातात धरावे, कळा मिटून न वाजवता आत ऊबदार श्वास सोडावा, आणि मगच ए लावावा. लाकडी पिकोलो असेल, तर काळजी दुप्पट हवी. तापमान आणि आर्द्रता एकदम बदलल्यास लाकडाला तडा जातो, तेव्हा वाजवण्याचे पहिले सत्र लहान ठेवावे आणि मध्ये मध्ये नळी कोरडी करावी. कोणतेही वाद्य उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत ठेवू नये.

घरी रोज तासभर वाजवणारा माणूस शिबिरात अचानक पाच-सहा तास वाजवतो, आणि तिसऱ्या दिवशी त्याचे ओठ, मान आणि डावे मनगट एकत्र संप पुकारतात. निघण्यापूर्वीच्या तीन आठवड्यांत सरावाची वेळ हळूहळू वाढवावी. तालमीत आपला भाग नसेल तेव्हा बासरी मांडीवर उतरवावी, आणि ओठ थकल्यावर वरचे सप्तक दाबून काढण्याऐवजी ती ओळ खालच्या सप्तकात वाजवावी. पिकोलोच्या शेजारी बसावे लागले, तर इअरप्लग वापरण्यात संकोच करू नये.

पुष्कळ शिबिरांत वाद्यांचे प्रदर्शनही असते. तेथे जलद तान मारून वाद्य पारखू नये, कारण तान वाद्यापेक्षा आपली सवय दाखवते. एकच संथ ओळ तीन हेडजॉइंटवर वाजवावी, खालचा सी अगदी हळू सुरू होतो का ते पाहावे, वरचा ई न फाटता लागतो का ते पाहावे, आणि मित्राला दूर उभे करून पाठमोरे ऐकायला सांगावे. त्याच दिवशी खरेदी करू नये.

समारोपाच्या वादनापूर्वी सभागृह रिकामे असताना मिळवलेला सूर श्रोते बसल्यावर टिकत नाही, कारण माणसांच्या उबेने खोली तापते. म्हणून मंचावर जाण्याआधी पुन्हा एकदा शेजाऱ्याबरोबर ए धरून ठोके ऐकावेत. वादन संपल्यावर गप्पांत रमण्याआधी नळी पुसून घ्यावी. घरी परतल्यावर दोन दिवसांच्या आत वही उघडून त्यातले एकच टिपण निवडावे आणि पंधरा दिवस केवळ त्यावर काम करावे. शिबिरातल्या आपल्या वादनाचे ध्वनिमुद्रण असेल, तर ते त्या पंधरा दिवसांच्या शेवटी ऐकावे, सुरुवातीला नव्हे.