शुल्झच्या पद्धतीने चार चौकटींची स्ट्रिप कशी काढावी

चार्ल्स शुल्झ यांची 'पीनट्स' ही लहान मुलांवरची व्यंगचित्र-स्ट्रिप 2 ऑक्टोबर 1950 रोजी अमेरिकेतल्या सात वर्तमानपत्रांत सुरू झाली. चौकटी चार, चारही सारख्या मापाच्या. संपादकाला त्या आडव्या, उभ्या किंवा दोनावर दोन, जागा असेल तशा लावता येत. पुढे जवळजवळ 50 वर्षांत 17,897 स्ट्रिप झाल्या. चित्रं आणि अक्षरं दोन्ही त्यांच्याच हातची, मदतनीस कोणी नाही. शिकायचं तर यांच्याकडूनच शिकावं.

ए-टू आकाराचा, गुळगुळीत, जाड कागद घ्या. खरबरीत कागदात टाकाचं टोक अडकतं आणि शाईचे शिंतोडे उडतात. 12 सेंमीच्या चार चौकटी, मध्ये 1 सेंमीची फट, एकूण 51 सेंमी. छापताना 40 टक्क्यांवर आणली की साधारण 20 सेंमी रुंदी होते.

आधी संवाद लिहा, चित्र नंतर. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं: चित्र रंगात येतं, संवादाच्या फुग्याला जागा उरत नाही, मग अक्षरं दाटीने कोंबली जातात. देवनागरीला वर वेलांटी आणि रफार, खाली उकार, म्हणून जागा जास्तच लागते. अक्षराची उंची 6 मिमी, दोन शिरोरेघांमध्ये 13 मिमी अंतर, एका फुग्यात फार तर तीन ओळी. अंतर कमी पडलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो आणि लहान छपाईत त्याचा नुसता डाग दिसतो.

आता चित्र. पेन्सिलीने फक्त डोक्याचा गोल आणि शरीराचा कल, तोही पुसट. शुल्झ बराचसा भाग थेट शाईतच काढत. पेन्सिलीची पक्की रेघ गिरवत बसलात की रेषा मेलीच. त्यांची निब एस्टरब्रुक 914. कंपनी बंद पडताना उरलेला साठा त्यांनी विकत घेऊन ठेवला होता. आपण कुठलीही टोकदार, थोडी लवचीक निब घ्यावी. नव्या निबेवर तेलाचा थर असतो. तो कोमट पाण्याने पुसला नाही तर शाई थेंब होऊन गळते. टाक स्वतःकडे ओढावा. पुढे ढकलला तर टोक कागदात रुततं.

नजर मुलांच्या उंचीवर ठेवा. त्या चौकटीत मोठी माणसं मावतच नाहीत, आणि 'पीनट्स'मध्ये ती जवळपास दिसत नाहीत. त्यातल्या स्नूपी कुत्र्याचं घरही सुरुवातीची वर्षं सोडली तर बाजूनेच दिसतं. तिरकं काढलं असतं तर छपराच्या कडेवर झोपलेला कुत्रा कुणाला पटला नसता.

शाई पूर्ण वाळल्यावरच खोडरबर फिरवा. निब लगेच धुऊन कोरडी करा, कारण वॉटरप्रूफ शाई चिरेत वाळली की ती निब गेलीच.