फोटो कुठे वापरणार? स्थानिक ग्राहकांसाठी कमर्शियल फोटोग्राफी करताना

स्थानिक व्यावसायिकांसाठी फ्रीलान्स काम सुरू केलं की पहिल्यांदा जाणवतं ते हे, की इथे एकाच विषयात मुरलेला फोटोग्राफर म्हणून आपल्याला कोणी बोलवत नाही. एकाच आठवड्यात दातांचा दवाखाना, पितळी नळांचा कॅटलॉग, एखाद्या कार्यालयातल्या भागीदारांची पोर्ट्रेट्स आणि सुटे भाग बनवणारा कारखाना असं सगळं येऊ शकतं. नव्या मुलामुलींना या विविधतेची धास्ती वाटते. प्रत्येक प्रकारासाठी वेगळी लेन्स, वेगळे दिवे, वेगळं शिक्षण लागणार असं वाटून ते महागडी खरेदी करत सुटतात. माझं मत अगदी वेगळं आहे. या सगळ्या कामांना एकच किल्ली लागते आणि ती म्हणजे शूटच्या आधी विचारलेला एक प्रश्न: हा फोटो नेमका कुठे वापरणार?

ग्राहक फोनवर म्हणतो, ‘आमच्या मशीनचे चारपाच चांगले फोटो हवेत.’ त्यावर लगेच तारीख ठरवू नका. फोटो वेबसाइटच्या वरच्या आडव्या पट्टीत जाणार असेल, तर मशीन एका बाजूला ठेवून दुसरीकडे मजकुरासाठी मोकळी जागा सोडावी लागते. मोबाइलवरच्या जाहिरातीसाठी असेल तर उभी फ्रेम हवी. छापील पत्रकासाठी असेल तर किती मोठा छापणार हे कळायला हवं. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून साधारण ६००० × ४००० पिक्सेलची फाइल मिळते. ३०० पीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० पिक्सेलने छापली तर ती २० इंच रुंद होते, म्हणजे ए४ पानाला ती पुरून उरते. हीच फाइल २० फुटी होर्डिंगवर ताणली तर दर इंचाला २५ पिक्सेल उरतात, तरीही काम भागतं, कारण होर्डिंग कोणी नाक लावून पाहत नाही. हा हिशोब ग्राहकासमोर मांडता आला की त्याचा विश्वास बसतो आणि ‘आणखी मोठा कॅमेरा आणा’ हा हट्टही बहुतेक वेळा सुटतो.

रंगाचंही तसंच. पडद्यासाठी फाइल एसआरजीबीमध्ये, म्हणजे पडद्यांच्या नेहमीच्या रंगपद्धतीत द्या. छपाईसाठी छापखान्याला कोणती प्रोफाइल (रंग कसे उतरवायचे ते ठरवणारी फाइल) हवी ते आधी विचारा. पडद्यावर झगमगणारा निळा किंवा हिरवा सीएमवायके, म्हणजे चार शाईंच्या छपाईत तितकाच झळाळत येत नाही. ग्राहकाच्या बोधचिन्हात असा रंग असेल तर हे शूटच्या आधीच सांगून ठेवावं. नंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

आता प्रत्यक्ष कामांकडे येतो. सगळ्यांत जास्त शिकवतात त्या चकचकीत वस्तू. नळ, भांडी, घड्याळं, दागिने, बाटल्या. नवा माणूस अशा वस्तूवर थेट दिवा मारतो आणि हाती येतो एक जळका पांढरा ठिपका आणि बाकी सगळा काळोख. कारण सोपं आहे. गुळगुळीत धातू आरशासारखा वागतो, प्रकाश ज्या कोनातून येतो त्याच कोनात परत जातो. म्हणून आपण धातूवर प्रकाश टाकत नसतो, धातूत जे दिसतं त्यावर टाकत असतो. नळाच्या समोर आणि वर मोठा पांढरा डिफ्यूजर, म्हणजे प्रकाश पसरवून मऊ करणारा पडदा उभा करा आणि दिवा त्या डिफ्यूजरच्या मागून द्या. आता नळात दिसेल तो एक स्वच्छ, सलग पांढरा पट्टा. मग कडेला काळ्या पुठ्ठ्याच्या अरुंद पट्ट्या लावा, त्यांच्या प्रतिबिंबाने नळाची गोलाई आणि कडा उठून येतात. दिवा डिफ्यूजरपासून थोडा लांब नेला की पांढरा पट्टा सपाट होतो, जवळ आणला की मध्ये उजळ आणि कडेला मंद होत जातो. महागड्या कॅटलॉगमध्ये दिसणारा तो मऊ उतार याच हालचालीतून मिळतो. त्यासाठी आणखी दिवे विकत घ्यायची गरज नसते.

लेन्सवर पोलरायझर (ठराविक दिशेत कंप पावणाराच प्रकाश आत सोडणारा फिल्टर) लावला की सगळी चमक जाईल, असं अनेकांना वाटतं. काच, पाणी, रंग दिलेलं लाकूड यांवर तो उपयोगी पडतो. काचेच्या बाबतीत पृष्ठभागाशी साधारण ३४ अंशांच्या कोनातून पाहिलं तर परिणाम सर्वांत जास्त मिळतो. उघड्या धातूवरून येणारी चमक मात्र नुसत्या लेन्सवरच्या पोलरायझरने जात नाही. पितळी नळापुढे तो फिरवत बसण्यात वेळ घालवू नका, पुठ्ठे सरकवा.

पारदर्शक बाटलीला नियम उलटा. तिच्या मागे उजळ पांढरी पार्श्वभूमी ठेवायची आणि फ्रेमच्या अगदी बाहेर दोन्ही बाजूंना काळे पुठ्ठे उभे करायचे. काच कडेला प्रकाश वाकवते, तिथे काळा रंग खेचला जातो आणि बाटलीला स्वच्छ गडद रेघ मिळते. आत रंगीत द्रव असेल तर मागून येणारा प्रकाशच त्याला उजळवतो. खाद्यपदार्थांनाही मागून किंवा बाजूने येणारा प्रकाश मानवतो, वाफ आणि पोत दोन्ही दिसतात. अशा शूटला कॅमेरा आणि दिवे आधी एखाद्या रिकाम्या ताटलीवर जमवून ठेवा. खरा पदार्थ शेवटी आणा, कारण तो फार वेळ ताजा दिसत नाही.

ऑनलाइन विक्रीच्या फोटोंमध्ये कलेला वाव कमी आणि शिस्तीला जास्त. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, म्हणजे आरजीबीत २५५, २५५, २५५ लागते आणि वस्तूने चौकटीचा बहुतांश भाग व्यापावा लागतो. अशी कामं कंटाळवाणी म्हणून सोडू नका. कॅमेरा, दिवे आणि टेबल यांच्या जागा जमिनीवर टेपने आखून घ्या, पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (रंग जुळवण्यासाठीचा राखाडी पुठ्ठा) धरा, लॅपटॉपला कॅमेरा केबलने जोडा. मग पहिली वस्तू आणि शेवटची वस्तू एकाच रंगात, एकाच उंचीवर येतात. नेमक्या याच गोष्टीसाठी ग्राहक परत येतो.

दवाखाना, कार्यालय, दुकान यांचे अंतर्गत फोटो काढताना मोह होतो तो अतिरुंद लेन्सचा. १४ मिमीने छोटी खोली दिवाणखान्यासारखी दिसते, पण प्रत्यक्ष तिथे येणाऱ्या माणसाला फसवल्यासारखं वाटतं आणि कडेच्या खुर्च्या ताणून लांबट होतात. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर) मी २४ मिमीच्या आसपास राहतो आणि जागा कमी पडली तर दारात किंवा कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभा राहतो. कॅमेरा छातीच्या उंचीवर आणि अगदी सपाट ठेवावा. तो वर किंवा खाली झुकला की भिंती एकमेकींकडे कलतात. शिफ्ट लेन्स (कॅमेरा न झुकवता वर-खाली सरकवता येणारी) असेल तर उत्तम, नसेल तर थोडी जास्त जागा घेऊन नंतर सॉफ्टवेअरमध्ये रेषा सरळ करता येतात.

खरी डोकेदुखी असते प्रकाशांच्या सरमिसळीची. खिडकीतून दिवसाचा प्रकाश ५५०० केल्विनच्या (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचं माप) आसपास येतो, छतावरचे पिवळे दिवे ३००० च्या जवळपास असतात आणि त्यातच एखादी हिरवट ट्यूब. कोणताही एक व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्यात केलेली जुळणी) या तिघांना सांभाळू शकत नाही. म्हणून मी आधी स्विचबोर्डकडे जातो. सगळे दिवे बंद करून खिडकीच्या प्रकाशात एक फ्रेम, मग फक्त आतल्या दिव्यांची एक फ्रेम, ट्रायपॉड तसूभरही न हलवता. नंतर दोन्हींतलं हवं ते एकत्र करता येतं. खिडकीबाहेरचं दृश्य पांढरं फटक होऊ नये म्हणून दोन-दोन स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) ब्रॅकेटिंगही, म्हणजे तीच फ्रेम कमीजास्त उजेडात, करून ठेवतो. दर्शनी भागाचा फोटो हवा असेल तर सूर्यास्तानंतरचा तो थोडासा वेळ राखून ठेवा, जेव्हा आकाश अजून निळं असतं आणि आतले दिवे दिसू लागतात. हा तोल काही मिनिटंच टिकतो, त्यामुळे कॅमेरा आधीच लावून उभं राहावं लागतं.

माणसांचे फोटो हा माझा सगळ्यांत आवडता भाग. कार्यालयातली बहुतेक माणसं कॅमेऱ्यासमोर उभी राहतात ती नाइलाजाने, कामातून उठून आलेली आणि मनात ‘माझे फोटो चांगले येतच नाहीत’ हे वाक्य घेऊन. त्यांना हसायला सांगू नका. ते काय काम करतात ते विचारा, आणि खरोखर ऐका. बोलण्याच्या ओघात चेहरा सैल होतो, तेव्हा बटण दाबा.

तंत्राच्या बाजूने दोन गोष्टी जपाव्यात. चेहऱ्याचं प्रमाण ठरतं ते अंतरावरून. लेन्सने फक्त किती भाग फ्रेममध्ये येतो ते बदलतं. फार जवळ गेलात की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. दीड-दोन मीटरवर उभं राहून ८५ मिमी लावली तर चेहरा जसा आहे तसा येतो. चष्म्यावर दिव्याचं प्रतिबिंब येत असेल तर दिवा आणखी वर न्या आणि चष्म्याच्या दांड्या कानांवरून किंचित उचलायला सांगा, म्हणजे काच खाली कलते. दुसरी गोष्ट नोंदीची. काही महिन्यांनी त्या कार्यालयात नवीन माणूस रुजू होतो आणि त्याचा फोटो जुन्या रांगेत शोभला पाहिजे असा निरोप येतो. दिव्याची उंची, अंतर, ताकद, लेन्स, पार्श्वभूमीचा रंग हे सगळं वहीत लिहून आणि मांडणीचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवलेला असेल, तर हे काम तासाभरात होतं.

कारखान्यात पाऊल टाकताना कॅमेऱ्याआधी सुरक्षा अधिकाऱ्याला भेटा. हेल्मेट, सुरक्षा बूट, गॉगल हे मागून घ्या, गळ्यातली लोंबती पट्टी काढून ठेवा. फिरत्या यंत्राजवळ ती पट्टी गळफास ठरू शकते. ज्वलनशील वाफा असलेल्या विभागात परवानगीशिवाय कॅमेरा, फ्लॅश किंवा मोबाइल नेऊ नये. वेल्डिंगच्या ठिणग्या फार मोहक दिसतात, पण संरक्षक काचेशिवाय त्या ज्योतीकडे पाहणं डोळ्यांना इजा करतं. ट्रायपॉडवर १/१५ सेकंदाच्या आसपास शटर ठेवून कामगाराला क्षणभर स्थिर उभं राहायला सांगा: यंत्र फिरताना दिसतं आणि माणूस स्पष्ट येतो. ट्यूबच्या किंवा स्वस्त एलईडीच्या प्रकाशात फ्रेममध्ये काळे पट्टे दिसले तर शटर विजेच्या लयीशी जुळवा. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झवर १/६० किंवा १/१२०.

उद्घाटनं, परिषदा, वार्षिक सभा यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कार्यक्रमपत्रिका आधी मागवा, कोण महत्त्वाचं ते चेहऱ्यानिशी समजून घ्या आणि दोन कार्ड घेणारा कॅमेरा वापरा, म्हणजे प्रत्येक फोटो दोन्हींवर एकाच वेळी लिहिला जातो. पुनरावृत्ती होणार नसलेल्या कामात एका कार्डवर विसंबणं मला मान्य नाही. घरी आल्यावरही तोच नियम: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी.

आता पैशांबद्दल. तिथेही सुरुवातीच्याच प्रश्नावर परत यावं लागतं. कोटेशनमध्ये फक्त दिवसाचे पैसे लिहू नका. किती तयार फोटो देणार, रिटचिंगच्या किती फेऱ्या त्यात धरल्या आहेत, आणि फोटो कुठे, किती काळ वापरता येतील हे तिन्ही लिहा. बर्न या आंतरराष्ट्रीय कराराने जगातल्या बहुतेक देशांत कॉपीराइट नोंदणीशिवाय, कलाकृती निर्माण होताच मिळतो. पण पैसे देऊन करवून घेतलेल्या कामात तो फोटोग्राफरकडे राहतो की ग्राहकाकडे जातो, याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. म्हणून ते कराराच्या कागदावर स्पष्ट शब्दांत असलेलं बरं. दुकानाच्या पानासाठी घेतलेला फोटो पुढे होर्डिंगवर जाणार असेल तर त्याचा दर वेगळा, हे आधी लिहिलेलं असेल तर बोलणी सहज होतात. काही ग्राहक याने बिचकतात. त्यांना समजावून सांगा, पण लिहिणं सोडू नका.

काम सुरू करण्यापूर्वी आगाऊ रक्कम घ्या. देताना फाइलच्या आयपीटीसी नोंदीत (फोटोच्या फाइलमध्येच साठवल्या जाणाऱ्या माहितीत) स्वतःचं नाव आणि संपर्क भरा, छपाईसाठीच्या आणि पडद्यासाठीच्या फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्यांना ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’ अशी नावं देऊ नका. तारीख, ग्राहक, विषय, क्रमांक या क्रमाने नाव दिलं की वर्षभराने फोन आला तरी फाइल सापडते.

जाहिरातीत ज्यांचा चेहरा ओळखू येतो त्या प्रत्येकाची लेखी संमती घ्या. मूल असेल तर पालकांची. हे कारखान्यातल्या कामगारांच्या बाबतीत विशेष कसोशीने पाळावं असं मला वाटतं. मालकाने ‘हो, काढा’ म्हटलं म्हणून कामगाराची संमती झाली असं होत नाही, आणि साहेब शेजारी उभे असताना त्याला नाही म्हणणं अवघड जातं. मी संमतीचा कागद त्याच्या भाषेत तयार करून नेतो, फोटो कुठे छापला जाणार ते वाचून दाखवतो आणि नको म्हणणाऱ्याला फ्रेमबाहेर ठेवून दुसरा कोन शोधतो. फोटो तयार झाला की त्याची एक प्रत त्यालाही पाठवतो.