कोकणातल्या घरात भजनाचं रेकॉर्डिंग: कमी खर्चात खोली कशी उभी करावी

स्टुडिओचं नाव काढलं की पहिली चौकशी माइकची होते. कोकणात आधी खोली ठरवावी. जुन्या कौलारू घरात माजघरासारखी दुसरी चांगली जागा नाही: बाहेरची भिंत नसल्याने शेजारचा पंप आणि रस्त्यावरची गाडी बरीच दबते. पडवीवर पत्रा असेल तर पावसाळ्यात तिथे काम विसरा, पत्र्यावरचा पाऊस कुठलंच सॉफ्टवेअर नीट काढत नाही. स्लॅबच्या घरात शक्यतो चौरस खोली घेऊ नका. 10 बाय 10 फुटांत भिंतींच्या दोन्ही जोड्या एकाच सुराला, साधारण 56 हर्ट्झला, घुमतात आणि खर्ज फुगतो.

अंड्याचे ट्रे लावणं म्हणजे फुकटची हौस. एक इंची फोम फक्त वरचे सूर शोषतो, शिवाय ओल धरतो. त्यापेक्षा 2 बाय 4 फुटांच्या लाकडी चौकटी करा, आत 4 इंच रॉकवूल (दगडी तंतूंचा कापसासारखा थर, घनमीटरला 48 किलोचा), वर सुती कापड. अशा सहा पुरतात. भरताना हातमोजे आणि मास्क हवाच. चौकट भिंतीला चिकटवू नका, 2 इंच पुढे ठेवा. खालचा घुमारा जास्त शोषला जातो आणि मागून हवा खेळल्याने बुरशी धरत नाही. तेवढे पैसे नसतील तर कापसाच्या गाद्या उभ्या करा, मात्र त्यांना अधूनमधून ऊन दाखवा.

माइक डायनॅमिकच घ्या (गायक स्टेजवर हातात धरतात तसा दणकट), शुअर एसएम 58 किंवा त्या जातीचा. दुसरी, जास्त संवेदनशील जात म्हणजे कंडेन्सर, तो नाजूक आवाज छान टिपतो, पण बेडूक आणि पागोळ्याही तितक्याच छान टिपतो. त्याला केबलमधून 48 व्होल्टची वीज द्यावी लागते, आणि आत ओल गेली की तो फटफट, खरखर करतो. डायनॅमिकला गेन (आवाज वाढवणं) जास्त लागतो खरा, पण भजनी बुवांच्या पट्टीला ती अडचण येत नाही. तोंडापासून 4 ते 6 इंच अंतर ठेवा. त्याहून जवळ आलं की आवाज जाड होतो.

काम संपलं की माइक घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये 120 अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतात. खाऱ्या हवेने केबलच्या पिना काळवंडतात. कॉन्टॅक्ट क्लीनर घरात असू द्या.

गुणगुण येत असेल तर पहिला संशय अर्थिंगवर घ्या. जांभ्यात पाणी टिकत नाही, एप्रिल-मेमध्ये खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी घाला. तोवर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा, बहुतेकदा तेवढ्यानेच आवाज थांबतो. साध्या इन्व्हर्टरवर चार्जर चालवला तरी हीच कटकट होते. विजा चमकू लागल्या की सगळे प्लग काढा.

दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) पुरतो. सेटिंग 24 बिट, 48 किलोहर्ट्झ. सर्वांत चढ्या ओळीलाही मीटर उणे 10 डेसिबलच्या वर जाऊ नये. रेकॉर्ड करताना बफर (संगणक एका दमात हाताळतो तो आवाजाचा तुकडा) 128, मिक्स करताना 1024. रेकॉर्ड करताना तो मोठा ठेवला तर गाणाऱ्याला आपलाच आवाज मागाहून ऐकू येतो. पंखा बंद. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरपैकी ऑडॅसिटी फुकट आहे, रीपर 60 दिवस वापरून पाहता येतं.

भजनाची लय चढत जाते, म्हणून क्लिक (कानात वाजणारी ठरावीक लयीची टकटक) लावू नका. आधी पेटी आणि पखवाज एकत्र घ्या, एकेक माइक देऊन. बुवांनी शेजारच्या खोलीतून हेडफोनवर साथ धरावी. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक वाळली की सूर चढतो, म्हणून दर टेकआधी पेटीशी ताडून पाहा. मग बुवांचा पक्का आवाज, मग कोरस. झांज सगळ्यात शेवटी आणि माइकपासून 6 ते 8 फुटांवर. ती एकदा गळ्याच्या माइकमध्ये शिरली की वेगळी काढता येत नाही, अख्खी ओळ पुन्हा गावी लागते.